एक्केचाळिसावं आळं

“बाई, ह्या झाडाला दोर कुणी बांधाय लावला?”

रासकर मुकादमांनी हे इतक्या हळू विचारलं, की मी वर बघतच उत्तर दिलं. वर वडाच्या दुसऱ्या खांदीवर ठेकेदाराची दोन माणसं बसली होती आणि कुऱ्हाड चालू होती.

“कुणी म्हणजे? बेचाळीस नंबर आहे. सम आहे. आज बेचाळीस आणि चव्वेचाळीस.”

“ह्ये बेचाळीस न्हाई.”

“मुकादम, बुंध्यावर एवढा ठळक आकडा आहे. चष्मा आणा बघू तुमचा.”

एरवी ते माझ्या असल्या बोलण्यावर हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. पाठ फिरवून ते मागे गेले, काल उपटून काढलेल्या चाळीस नंबरच्या खड्ड्यापाशी. तिथून पावलं मोजत परत यायला लागले. बारा पावलांवर थांबले. तिथे झाड नव्हतं, सायकल पंक्चरचं दुकान होतं. दुकानाच्या फळीवर हात ठेवून ते म्हणाले, “एक्केचाळीस.” आणखी बारा पावलांवर, मी ज्या झाडावर एक्केचाळीस घातला होता त्या झाडाला हात लावून म्हणाले, “बेचाळीस.” मग बारा पावलं चालून माझ्यासमोर आले.

“त्रेचाळीस. ह्ये घरचं हाय, बाई. खाली उतरवा त्यास्नी.”

मी बुंध्यावरचा माझाच आकडा पुन्हा वाचला.

हे एकोणऐंशी सालातलं. मी कुमुदिनी अष्टेकर, बी. एस्सी. अ‍ॅग्री, वय वर्षं चोवीस. कारंजगड नगरपालिकेच्या उद्यान खात्यात निरीक्षक म्हणून लागून मला सात महिने झाले होते आणि नोकरी कायम व्हायला पाच महिने उरले होते. खात्यात बाई म्हणून मी पहिलीच, त्यामुळे मी कायम होते की नाही यावर कचेरीत चहाच्या पैजा लागल्या होत्या. माझ्याकडे सगळ्यात मोठं काम आलं होतं ते जोडबागेचं.

जोडबाग म्हणजे आमच्या गावाचा मानबिंदू. संस्थानाच्या काळात राजवाड्यामागे हौदबाग होती आणि पाऊण मैलावर तळ्याकाठी तळेबाग. मधे नुसतं उन्हाचं माळरान. कारंजगडचे राजेसाहेब १९०८ साली विलायतेला जाऊन आले. तिकडे एका शहरात म्हणे एका बागेतून दुसऱ्या बागेत सावलीसावलीने जाता येतं. परत आल्यावर त्यांनी सासवडहून बागकामाला आणलेल्या बाळाजी रासकरांना बोलावलं आणि सांगितलं, “आमच्या आईसाहेब या बागेतून त्या बागेत चालत गेल्या पाहिजेत आणि त्यांच्या डोक्यावर ऊन पडता कामा नये.” आईसाहेब तेव्हा साठीला टेकलेल्या. वडाचं रोप लावून त्याची सावली धरायला वीस-पंचवीस वर्षं. तोवर आईसाहेब कुठल्या थांबतायत!

बाळाजींनी तोड काढली. एक झाड बियांच्या रोपाचं आणि एक झाड मांडीएवढा दांडा रोवून केलेलं, असं एकाआड एक लावलं. दांड्याचं झाड चार-पाच वर्षांत सावली देतं, पण त्याला सोटमूळ नसतं. मुळं सगळी वरवर पसरतात आणि म्हातारपणी ते वादळात आडवं होतं. रोपाचं झाड सावकाश वाढतं, पण खाली रुतून बसतं आणि दोन-तीनशे वर्षं हलत नाही. रोपाची झाडं ती ‘घरची’ आणि दांड्याची ते ‘पाहुणे’. घरची मोठी झाली की पाहुण्यांना निरोप द्यायचा, असं ठरलं होतं. आईसाहेब पुढे अकरा वर्षं त्या सावलीतून चालल्या. पण पाहुण्यांना निरोप द्यायचं कुणाच्या जिवावर आलं नाही. राजेसाहेब गेले, संस्थान विलीन झालं, आणि सत्तर वर्षांत घरचे-पाहुणे दिसायला सारखेच झाले. कुठला कोण हे फक्त एका माणसाला माहीत होतं. बाळाजींच्या नातवाला, म्हणजे आमच्या गेनबा रासकर मुकादमांना.

तळ्यावरून पाण्याची मोठी पाइपलाइन यायची म्हणून दक्षिणेकडची अख्खी ओळ तोडायचं घाटत होतं. गावात ओरड झाली, मोर्चा निघाला. तेव्हा रासकर मला हळूच म्हणाले, “बाई, सम नंबरचे समदे पाहुणे हायेत. हौदबागेच्या दारातलं पयलं झाड घरचं, दुसरं पाहुणा. आडवी पसरल्याली मुळं त्येंचीच. तेवढे काढा, लाइन बसंल. घरच्यास्नी धक्का न्हाई.” मी हे गावाच्या जाहीर सभेत जाऊन ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. सांगताना ही गोष्ट मला मुकादमांनी सांगितली असा उल्लेख करायचा राहूनच गेला. नगरपालिकेत सम नंबरची साठ झाडं काढायचा ठराव झाला आणि नंबर घालायचं काम माझ्याकडे आलं.

नियम असा होता की मुकादमाला बरोबर घेऊन नंबर घालायचे. पण रासकरांना घेऊन त्या रस्त्यावरून चालणं म्हणजे एक दिव्य होतं. प्रत्येक झाडापाशी थांबायचं, त्याची हकिकत ऐकायची. कचेरीत कारकून म्हणायचे, “अष्टेकरबाई मुकादमाचं बोट धरून शाळेत निघाल्या.” ते मला झोंबलं होतं. नेमका मुकादमांना ताप आला. मी दोन माळी घेतले आणि एका दुपारात हौदबागेपासून तळेबागेपर्यंत गेरूचे पट्टे ओढून त्यांवर चुन्याने एक ते एकशेवीस आकडे घालून टाकले. दुसऱ्या दिवशी यादी मुकादमांपुढे ठेवली. वर लिहिलं होतं, ‘मुकादमासमक्ष पाहणी करून.’ त्यांनी वाचलंही नाही. “तुमी केलंय म्हंजे बराबरच आसंल,” म्हणाले आणि सही केली.

आणि आता ते माझ्यासमोर उभे होते आणि वरून फांदीच्या ढलप्या पडत होत्या.

“पण तिथे झाडच नाहीये ना!” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “एक्केचाळीस आहे कुठे?”

“वीज पडून मेलं. मी ल्हान हुतो तवा. आळं दुकानाखाली हाय.”

“मग मेलेलं झाड कशाला मोजायचं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की पाणी कशाला घालायचं.

“मेलेलं झाड गणतीतनं काढत न्हाईत, बाई. त्याची जागा त्याचीच आसती. ती काढली तर मागच्या समद्यांची वळख जाती. माळ्याच्या पोराला बी ठावं आसतंय.” मग जरा थांबून म्हणाले, “मी सांगाय पायजे हुतं. माझ्या ध्यानात आलं न्हाई, की ह्ये बी सांगावं लागतंय.”

म्हणजे चाळीसपर्यंत गेले ते वीसही पाहुणेच होते. तेवढं बरोबर झालं होतं. पण पुढच्या माझ्या प्रत्येक सम आकड्याखाली घरचं झाड उभं होतं. चाळीस झाडं. ती जाणार आणि सोटमूळ नसलेले पाहुणे रस्त्यावर राहणार, खालून माणसं चालणार. आणि त्या यादीवर सही माझी.

मी वर बघून ओरडले, “थांबा! खाली उतरा!”

ठेकेदाराचा माणूस पिराजी धावत आला. तोंडाचा फाटका, पण कामाचा पक्का. “का वो बाई? निम्म्या खांद्या उतरवल्यात.”

“विजेची तार आहे पलीकडे. वीज मंडळाचा माणूस येऊन लाइन बंद करेपर्यंत काम बंद.”

“तार तर त्या अंगाला हाय.”

“फांदी तुमच्या हुकमाने पडते का? कुणाला शॉक लागला तर तुम्ही उत्तर देणार? माणसांना जेवायला सोडा. दोन वाजता या.”

पिराजी पुटपुटला, पण गेला. साडेअकरा वाजले होते. तीन वाजता नगराध्यक्ष आणि नगर अभियंता बोकीलसाहेब पाहणीला येणार होते.

मी हौदबागेच्या चौकीत जाऊन कचेरीत फोन लावला. मुकादम माझ्यामागून आले आणि दारात उभे राहिले.

“साहेब, जोडबागेच्या नंबरांत एक शंका निघालीय. एक्केचाळीसच्या पुढे...”

“शंका?” बोकीलसाहेब म्हणाले. “अहो, सातशे माणसांच्या सभेत छाती ठोकून सांगितलंत, तेव्हा नव्हती शंका?”

“नाही, म्हणजे, पुढची झाडं बहुतेक उलटी मोजली गेलीत. ठरावात दुरुस्ती...”

“ठराव सर्वसाधारण सभेचा आहे. दुरुस्ती पुढच्या सभेत. ती दीड महिन्याने. तोवर पाइप टाकणारा थांबणार नाही, थांबला तर कोर्टात जाईल. आणि एक सांगा, यादीवर मुकादमासमक्ष पाहणी केली असं लिहिलंय. केली होती ना?”

मी मुकादमांकडे पाहिलं. ते बाहेर बघत होते.

“बाई? विचारतोय. खोटं लिहिलं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे मला तसा रिपोर्ट करता येईल.”

“केली होती, साहेब.”

“मग झालं तर. ठराव नंबरांचा आहे, झाडांचा नाही. सम नंबर तोडायचे. तीनला येतो.”

मी फोन ठेवला. मुकादम म्हणाले, “काय म्हनले?”

“म्हणाले, ठराव नंबरांचा आहे, झाडांचा नाही.”

मी ते वाक्य रागाने म्हटलं आणि म्हणता म्हणताच मला सुचलं. ही अक्कल मुकादमांची नव्हती, माझी होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळं उलटं ठरलं.

“मुकादम, ठरावात काय आहे? दोन, चार, सहा असे एकशेवीसपर्यंत. झाडांवरचे आकडे आपले आहेत. आपण एक्केचाळीस त्या पंक्चरवाल्याला देऊन टाकू. तिथून पुढे प्रत्येक झाडाचा एकेक आकडा वाढवायचा. माझा एक्केचाळीस होईल बेचाळीस, आणि बेचाळीस होईल त्रेचाळीस. ठराव तोच राहील, साठ झाडं तीच साठ, आणि पडतील ते पाहुणे.”

ते दारातून रस्त्याकडे वळले. “ऐंशी झाडं हायेत,” मग म्हणाले.

“गेरूचा पट्टा फिरवायचा, वर चुन्याचा आकडा. उन्हात लगेच वाळतं. माळी किती आहेत?”

“चार.”

“मी पाचवी. तुम्ही पावलं मोजा आणि आकडा सांगा. तुमच्याशिवाय कुणी सांगायचा नाही.”

आम्ही तळेबागेकडून सुरुवात केली, शेवटाकडून, म्हणजे मधेच कुणी आलं तरी एकच आकडा दोन झाडांवर दिसायला नको. पिराजीची माणसं जेवून तळेबागेतच आडवी झाली होती. त्यांच्या उशाशी उभं राहून आम्ही एकशेवीसचा एकशेएकवीस केला. दोन माळी झाडांवर पट्टे ओढत, दोन जण आकडे घालत, आणि मी पदर खोचून उरलेल्यांवर. मुकादम रस्त्याच्या मधून चालत, बारा पावलं झाली की थांबत आणि म्हणत, “एकशे सोळा, घरचं न्हवं, पाहुणा. एकशे पंध्रा, घरचं.” कागद लागत नव्हता. हात कशाला लावत नव्हते. नुसते मोजत होते.

रस्त्यावरून जाणारे बघत होते. एक मास्तर सायकलवरून उतरून म्हणाले, “का हो बाई, पुन्हा रंगकाम?” मी म्हणाले, “पाहुणे येणार आहेत तीनला.” ते हसले. माझे कोपरापर्यंत हात गेरूने माखले होते, साडीच्या निऱ्यांवर चुना. दीड वाजता आम्ही ऐंशीच्या घरात होतो. दोन वाजायला दहा मिनिटं असताना साठच्या खाली आलो. पिराजीची माणसं आळस देत उठली, हे आम्हाला मागून येणाऱ्या माळ्याने सांगितलं. मी घड्याळ बघणं सोडून दिलं. पन्नास. अठ्ठेचाळीस. चुना संपत आला, त्यात पाणी ओतलं. पंचेचाळीस.

मग मी त्या झाडासमोर आले, ज्याच्या निम्म्या फांद्या सकाळीच उतरल्या होत्या. तुटलेल्या खांद्यांतून पांढरा चीक गळत होता. खाली पानांचा ढीग पडला होता. मी ब्रश उचलला आणि माझा हात थांबला. बाकी एकोणऐंशी झाडांचं जमेल, पण हे? सकाळी या झाडावर जी माणसं बसली होती ती परत येणार होती. आपण काय तोडत होतो हे त्यांना ठाऊक होतं.

“मुकादम, पिराजीला हे झाड ओळखू येणार.”

“येनार.”

“मग?”

“घाला त्रेचाळीस.”

“अहो पण विचारलं तर सांगायचं काय?”

“घाला तुमी. बघू.”

मी घातला. मग बेचाळीसही घातला आणि चौकीतल्या नळावर हात धुवायला धावले. साबण नव्हता. मातीने घासले, विटेच्या तुकड्याने घासले. गेरू हाताच्या रेषांत आणि नखांत बसला होता तो निघेना. तेवढ्यात मुकादम आले. गेरूची बादली त्यांनी चौकीच्या पायरीशी ओढली, वाकले आणि दोन्ही हात मनगटांपर्यंत तिच्यात बुडवले. मला वाटलं, तळाशी बसलेला गेरू ढवळतायत, उरला तर उद्याला ठेवायला. म्हातारा माणूस, असल्या वेळीसुद्धा काटकसर सुटत नाही, असंही मनात आलं. तोवर जीप येऊन बेचाळीसपाशी थांबली आणि आम्ही तिकडे धावलो.

नगराध्यक्षांना उन्हाचा कंटाळा होता. त्यांना उभ्या उभ्या पाहणी करून फोटो काढून जायचं होतं. बोकीलसाहेब हातात यादी घेऊन उतरले. मी पदर अंगाभोवती घट्ट घेतला आणि दोन्ही हात आत घेतले.

“कुठवर आलं?”

“बेचाळीसला लागायचं आहे, साहेब.”

“अजून? सकाळपासून काय केलं?”

मी वीज मंडळाचं सांगायला तोंड उघडलं, तोच पिराजी समोर आला. “साहेब, ही काय भानगड हाय? सकाळी आमी बेचाळिसावर चढलो. निम्मं उतरवलं. आता त्येच्यावर त्रेचाळीस! आनि बेचाळीस त्ये शेजारचं! जेवून येस्तवर झाडं सरकली काय?”

माणसं हसली. बोकीलसाहेब हसले नाहीत. ते झाडापाशी गेले, पट्ट्यावर बोट फिरवलं आणि बोट बघितलं. गेरू अजून ओला होता.

“कोणी बदलले नंबर?”

चारी माळी जमिनीकडे बघत उभे.

“तोडायच्या झाडांचे नंबर सरकारी असतात. ते बदलणं म्हणजे काय ते ठाऊक आहे का तुम्हाला? कुणाकडून किती घेतले म्हणून विचारतील लोक. नोकरी जाईल, वर केस होईल. कोणी केलं हे?”

मी सांगणार होते. आजही मी शपथेवर सांगेन, की सांगणारच होते. फक्त आधी एक श्वास घ्यायचा होता. तेवढ्यात मुकादम पुढे झाले.

“म्या केलं, साहेब.”

त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मनगटांपर्यंत लाल.

“नंबर फिके पडले हुते म्हून परत वढाय घेतले. मोजताना मेलेल्या झाडाचं आळं मोजलं. अडानी मानूस. एक आकडा चुकला आन् फुडचे समदे चुकले.”

“सगळे?”

“समदे.”

“आणि हे चौघे?”

“म्या सांगटलं तसं क्येलं त्येनी. त्येंचा काय दोष न्हाई.”

तेव्हा कुठे मला ती बादली कळली.

बोकीलसाहेब माझ्याकडे वळले. माझे हात पदरात होते, मुठी आवळलेल्या. नगराध्यक्ष घाम पुसत म्हणाले, “अहो बोकील, सम नंबर तोडायचे ना? मग जे सम आहेत ते तोडा. परत रंगवा आणि परत मोजा करत बसू नका. सगळी वडाचीच तर झाडं. गावाला वासही लागता कामा नये.”

“तोडतो, साहेब. पण याची चौकशी लावावी लागेल.” मग मला म्हणाले, “बाई, तुम्ही इथेच होतात. मघाशी फोनवर नंबरांची शंकाही तुम्हीच काढलीत. हा माणूस नंबर बदलतोय हे तुम्हाला ठाऊक होतं?”

मुकादम माझ्याकडे बघत नव्हते. ते त्या निम्म्या उतरलेल्या झाडाकडे बघत होते. एक माळी, गणपत, मात्र माझ्याकडे बघत होता, सरळ डोळ्यांत.

“नाही,” मी म्हणाले.

एवढंच. दोन अक्षरं. मला वाटलं होतं की आवाज फुटणार नाही, पण चांगला खणखणीत फुटला.

मुकादमांना त्याच संध्याकाळी निलंबित केलं. निवृत्तीला सव्वा महिना राहिला होता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या सर्व्हिस बुकात एक तांबडा शेरा नव्हता, तो आता लागला. चौकशीत मला लेखी विचारलं, तेव्हाही मी तेच लिहिलं. एकदा बोललेलं लिहायला फार जड जात नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यांना ना निरोपसमारंभ झाला, ना शाल-नारळ. पाच महिन्यांनी मी कायम झाले. कचेरीतले पैजा हरलेले लोक मला चहा पाजून गेले.

त्यांच्या घरी मी गेले ती तिसऱ्या दिवशी. उशीर का केला ते विचारू नये. ते अंगणात कुंड्या उलट्या करून वाळवत होते. मला बघून त्यांनी घोंगडं झटकून टाकलं, पण स्वतः उभेच राहिले.

“बेचाळीस पडलं का?”

“काल पडलं.”

“मूळ?”

“नव्हतं. सगळी वरवर पसरलेली. एवढं मोठं झाड, हाताने ओढावं तसं निघालं.”

त्यांनी मान हलवली. घरातून त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. माझ्याकडे न बघता तांब्या ठेवला आणि आत गेली. मी रडत म्हणाले, “मुकादम, मी उद्या जाते साहेबांकडे. सगळं खरं सांगते. आकडे मी चुकवले, बदलायला मी सांगितलं, ‘मुकादमासमक्ष’ हे मी खोटं लिहिलं. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. सात महिन्यांत मला न दिसलेला राग त्यांच्या तोंडावर मी पहिल्यांदा बघत होते. आवाज मात्र तसाच हळू होता.

“सांगायचं हुतं तवा तुमची जीभ उचलली न्हाई, बाई. मी हात फुडं केले तवा एकडाव ‘मुकादम, थांबा’ म्हनला आसता, तर मी थांबलो आसतो. आता चार गावात झालं, म्या केलं म्हून. झाडं बी ऱ्हायली. आता जाऊन सांगून मला खोटा पाडू नगा.”

मग ते खाली बसले आणि पुढची कुंडी उलटी केली. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

मी त्यांचं ऐकलं. दोन वर्षांनी ते वारले, तेव्हा सांगायला हरकत नव्हती, तरीही ऐकतच राहिले. मी उद्यान अधीक्षक झाले, निवृत्त झाले. जोडबाग वाचवली म्हणून गावाने माझा सत्कार केला, तेव्हाही ऐकलं. हे वाचून कुणाला वाटेल, त्यांचा शब्द पाळायचा म्हणून मी इतकी वर्षं बोलले नाही. तसं काही नाही. त्या दिवशी अंगणात त्यांनी ‘सांगू नका’ म्हटलं, तेव्हा माझे डोळे भरलेले होते हे खरं, पण आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आणि ते त्यांना दिसलं होतं.